काळी लोकर, पांढरा कापूस : मिश्र सूत काता आणि तोडून बघा

चला, टेबल मोकळं करा आणि बाह्या सरसावा. आज आपण पाच सुतं कातणार आहोत: एक निव्वळ कापसाचं, एक निव्वळ लोकरीचं आणि मधली तीन मिश्रणाची. मग पाचही सुतांना तांदळाची बाटली टांगून ती तोडणार आहोत. लोकर वाढवत नेली की सुताची ठेवण कशी बदलते आणि ताकद कुठे जाते, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. लोकर मुद्दाम काळी घ्यायची. पांढऱ्या कापसात तिचा केस न् केस उठून दिसतो, त्यामुळे मिश्रण कच्चं राहिलं तर लगेच कळतं. मिश्र सुताचं बरंवाईट तारेच्या ब्रशावरच ठरतं, चरखा त्याला फक्त पीळ देतो. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या सावकाश करा. सगळं एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. आठवडाभर रोज थोडा वेळ द्या.

चरख्यावर साधं कापसाचं सूत तुम्हाला काढता येतं, असं धरून चालते. येत नसेल तर आधी नुसत्या रुईवर हात बसवा आणि मग इथे या.

साहित्य

- रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस: ३० ग्रॅम. जुन्या गादीतली रुई नको, तिचे तंतू तुटून आखूड झालेले असतात. औषधाच्या दुकानातला कापूसही नको.
- काळी दख्खनी लोकर: ५० ग्रॅम. मेंढपाळाकडे किंवा घोंगडी विणणाऱ्यांकडे विचारा. जावळ, म्हणजे कोकराची पहिली लोकर, मिळाली तर फारच छान. ती मऊ असते.
- लोकर-कापूस पिंजायचे तारेचे दोन हातब्रश. नसतील तर कुत्र्याचे केस विंचरायचे रुंद, बारीक तारांचे दोन ब्रश चालतील.
- पेटी चरखा.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि स्वयंपाकघरातला नेहमीचा काटा.
- कात्री, मोजपट्टी, भिंग, विणकामाची जाड सुई, चिकटपट्टी, पाच लिफाफे, वही.
- ५० सेंटीमीटर लांबीचा कडक पुठ्ठा.
- २ लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, दोरी, दोन पेन्सिली, २ किलो तांदूळ, मोठी परात, जाड टॉवेल.
- मूठभर रिठे.

भाग १ : तंतू तयार करा

१. लोकर अंगणात किंवा गच्चीवर जोरात झटका. काटे, गवत, मातीचे खडे हाताने निवडून काढा. एखादा काटा राहिला तर तो पुढे ब्रशाच्या तारा वाकवतो.

२. रिठ्याच्या गरम पाण्यात लोकर २० मिनिटं बुडवून ठेवा. हात घालता येईल इतकंच पाणी गरम हवं. चोळू नका, पिळू नका. केस एकमेकांत अडकून घट्ट गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही.

३. तेवढ्याच गरम साध्या पाण्यातून लोकर दोनदा काढा. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकलीत तरी ती आवळते.

४. जुन्या चादरीवर पसरून सावलीत पूर्ण वाळवा. बोटांना ओलसर लागली तर आणखी एक दिवस थांबा.

५. लोकरीची छोटी बट घ्या, केस एका दिशेला करा आणि ३-३ सेंटीमीटरचे तुकडे कापा. कापसाचा तंतू साधारण तेवढाच असतो, म्हणून ही लांबी. लोकर लांब ठेवली तर ती झुपक्याने ओढली जाते आणि कापूस मागे गोळा होतो. फार आखूड कापली तर केस सुतात धरून राहत नाहीत.

६. कापलेली लोकर चाळणीत घालून हलवा. अर्धवट कापलेले बारीक तुकडे खाली पडू द्या, ते पुन्हा वापरू नका.

७. रुई बोटांनी उकलून ढगासारखी मोकळी करा. कचऱ्याचे काळे कण आत्ताच वेचा; नंतर ते लोकरीच्या केसांसारखे दिसून फसवतील.

८. दोन्ही ढीग एकाच खोलीत रात्रभर उघडे ठेवा. लोकर हवेतला ओलावा कापसापेक्षा जास्त ओढते. दोघांना सारखी हवा मिळाली नाही तर उद्याचं वजन चुकेल.

भाग २ : वजन करा

९. लिफाफ्यांवर १ ते ५ आकडे घाला. हे आत्ताच करा, कारण मिश्रणं हातात आली की ३ आणि ४ सहज एकमेकांत जातात.

१०. छोट्या काट्यावर तोलून असे भरा:

- सूत १ : कापूस ८ ग्रॅम
- सूत २ : कापूस ६ ग्रॅम, लोकर २ ग्रॅम
- सूत ३ : कापूस ४ ग्रॅम, लोकर ४ ग्रॅम
- सूत ४ : कापूस २ ग्रॅम, लोकर ६ ग्रॅम
- सूत ५ : लोकर ८ ग्रॅम

पंखा बंद ठेवा, नाहीतर काटा स्थिर राहत नाही आणि रुईही उडते.

भाग ३ : मिसळा

११. एका ब्रशावर ‘डावा’, दुसऱ्यावर ‘उजवा’ असं लिहा. हात बदलले की तारांचा कल उलटा पडतो आणि तंतू नीट सुटत नाहीत.

१२. पहिल्या लिफाफ्यापासून सुरुवात करा आणि ओळीने पाचव्यापर्यंत जा. ब्रश पांढऱ्याकडून काळ्याकडे गेले पाहिजेत. उलट गेलात तर निव्वळ कापसात काळे केस शिरतील.

१३. लिफाफ्यातल्या कापसाचे ८ सारखे वाटे करा आणि लोकरीचेही ८. दोन्ही अजून वेगवेगळीच ठेवा.

१४. डाव्या ब्रशावर अर्धा वाटा कापूस, त्यावर एक वाटा लोकर, त्यावर उरलेला अर्धा वाटा कापूस असे पातळ थर पसरा. लोकर सर्वांत वर ठेवली तर ती पहिल्याच ओढीत एका टोकाला गोळा होते. सूत १ आणि ५ साठी एकच तंतू पसरायचा आहे.

१५. उजवा ब्रश हलकेच टेकवून ओढा. दोन्हींच्या तारा एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. खरखर आवाज आला तर हात जड पडतोय, कापूस तुटतोय.

१६. तंतू उजव्यावरून डाव्यावर परत घ्या आणि पुन्हा ओढा. असं तीनदा. एवढ्यात चादरीसारखा सपाट थर तयार होतो.

१७. चादर अलगद उचलून कागदावर ठेवा. उरलेले सात वाटेही असेच करा. पाठीला ताण आला तर उठून फिरून या. घाईचा हात लगेच मिश्रणात दिसतो.

१८. आठही चादरी एकावर एक रचा. सगळ्यांची तंतूंची दिशा एकच ठेवा.

१९. या रचलेल्या गठ्ठ्याच्या, तंतूंच्या दिशेने, आठ लांबट पट्ट्या फाडा. आता प्रत्येक पट्टीत आठही चादरींचा अंश आला. ही पायरी गाळलीत तर सुताचा एक हात काळा आणि पुढचा हात पांढरा निघेल, आणि सूत नेमकं त्या सांध्यावर तुटेल.

२०. प्रत्येक पट्टी ब्रशांवरून आणखी दोनदा काढा. तिसऱ्यांदा नको, जास्त घासलेला कापूस मोहरीएवढ्या गाठी धरतो, आणि प्रत्येक गाठ म्हणजे सुतातली एक कच्ची जागा.

२१. चादर खिडकीसमोर उजेडात धरा. काळे केस सगळीकडे सारखे विखुरलेले हवेत. काळा पुंजका दिसला तर तेवढा भाग मधोमध फाडून, एकावर एक ठेवून फक्त एकदा पुन्हा ब्रशावर घ्या.

२२. विणकामाच्या सुईवर चादर सैल गुंडाळून पेळू वळा आणि सुई ओढून काढा. घट्ट वळलेला पेळू कातताना तंतू सोडत नाही.

२३. पेळू आपापल्या लिफाफ्यात ठेवा आणि पुढचं मिश्रण घ्या. मध्ये दोन्ही ब्रश स्वच्छ विंचरून घ्यायला विसरू नका.

भाग ४ : काता

२४. चातीवर कागदाचा छोटा झेंडा चिकटवा, चाक एक फेरा सावकाश फिरवा आणि चाती किती वेळा फिरली ते मोजा. माळ सैल असेल तर आधी घट्ट करा, नाहीतर मोजणी खोटी ठरते.

२५. एका ओढीला चाकाचे किती फेरे द्यायचे ते काढा. आपली ओढ ६० सेंटीमीटरची आणि पीळ दर सेंटीमीटरला ४, म्हणजे चातीचे २४० फेरे. समजा चाकाच्या एका फेऱ्यात चाती ६० वेळा फिरली, तर तुम्हाला हवेत ४ फेरे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा.

२६. चातीपासून ६० सेंटीमीटरवर चिकटपट्टीची खूण करा. हात दर वेळी तिथेच थांबला पाहिजे. ओढ लांबली की पीळ पातळ होतो.

२७. सूत १ चा पेळू घ्या आणि फेरे मोजत ओढा. घाई नको. सूत थोडं जाडच हवंय: १० मीटरचं वजन १ ग्रॅम.

२८. ५ मीटर झाले की तोडून तोला. ०.५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर हात बसला. जास्त भरलं तर पेळूतून कमी तंतू सोडा, कमी भरलं तर जास्त.

२९. ५ सेंटीमीटर सूत दोन्ही टोकांना धरा आणि एक टोक उलटं फिरवून पीळ सोडा. तंतूंमधून सुई सरळ आरपार सरकली की थांबा. १८ ते २२ फेरे लागले तर पीळ बरोबर आहे. फार कमी लागले तर चाती घसरतेय, माळ तपासा.

३०. सूत १ चे २५ मीटर कातून घ्या. पहिला मीटर हात बसेपर्यंतचा असतो, तो मोजू नका.

३१. आता सूत २ ते ५ ओळीने काता. ओढ तीच, फेरे तेच, जाडी तीच. तीनपैकी एक जरी बदलली तरी फरक मिश्रणाचा की हाताचा, हे कळणार नाही.

३२. लोकर वाढत जाईल तसा पेळू अधिक सैल धरा. चिमूट घट्ट राहिली तर जाड केस एकदम सुटतात आणि सुतावर गाठीसारखा फुगवटा येतो. तो आला तर ते सूत परत उकलू नका. तेवढं तोडून पुढे चला.

३३. प्रत्येक सूत पुठ्ठ्याच्या लांबीवरून २० वेळा गुंडाळा. एक वेढा म्हणजे १ मीटर, वीस वेढे म्हणजे २० मीटर. ओढून गुंडाळू नका. लोकरीचं सूत ताणून लांब होतं आणि मोजणी फसते.

३४. लडी तीन ठिकाणी सैल बांधून पुठ्ठ्यावरून काढा. न बांधता काढलीत तर गुंता होईल.

३५. पाचही लडी कोमट पाण्यात १५ मिनिटं बुडवून वाळत घाला. खाली वजन टांगू नका. याने पीळ जागेवर बसतो आणि सूत वेटोळी घालायचं थांबतं.

३६. लडी वाळल्या की रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि मग तोला. १.८ ते २.२ ग्रॅममधली घ्या, बाहेरची पुन्हा काता. जाड सूत साहजिकच जास्त वजन पेलतं. ते चाचणीत शिरलं तर तुलना बिघडेल.

भाग ५ : ठेवण बघा

३७. पाचही सुतं पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवा आणि भिंगातून बघा. काळे केस बरेचसे बाहेरच्या अंगाला आणि टोकं उचललेले दिसतील. जाड, ताठ केस पिळात सहज वळत नाही, म्हणून तो कडेला राहतो; बारीक मऊ कापूस आत दबतो.

३८. सूत ३ चा छोटा तुकडा उकलून काळे-पांढरे तंतू वेगळे करा. वजन निम्मंनिम्मं असूनही काळे केस मोजायला कितीतरी कमी निघतील. गोंधळू नका, वजन चुकलेलं नाही: लोकरीचा एक केस कापसाच्या अनेक तंतूंएवढा भरतो.

३९. मोजपट्टीवर प्रत्येक सुताचे वेढे शेजारी शेजारी घाला आणि २ सेंटीमीटरमध्ये किती मावले ते लिहा. दाबून बसवू नका. लोकर वाढेल तसे वेढे कमी मावतील. वजन तेवढंच, पण सूत फुगीर झालं. नागमोडी केसांनी मधे हवा धरली.

भाग ६ : तोडा

४०. बाटलीचा वरचा भाग कापा, काठाला दोन भोकं पाडा आणि दोरीने एक पेन्सिल आडवी घट्ट बांधा. पेन्सिल दोरीत फिरता कामा नये.

४१. दुसरी पेन्सिल टेबलावर अशी चिकटवा की निम्मी बाहेर येईल. टेबलाचा दुसरा काठ पुस्तकांनी दाबून ठेवा.

४२. खाली परात ठेवा आणि तिच्यात टॉवेल घडी करून अंथरा. सूत तुटून बाटली पडेल ती यातच पडली पाहिजे.

४३. प्रत्येक सुताचे ४० सेंटीमीटरचे १२ तुकडे करा. लडीच्या वेगवेगळ्या जागांवरून घ्या. एकाच ठिकाणचे बारा तुकडे सगळ्या सुताबद्दल काही सांगत नाहीत.

४४. तुकड्याचं एक टोक वरच्या पेन्सिलीला तीनदा वेढून चिकटवा, दुसरं खालच्या पेन्सिलीला. मधे २५ सेंटीमीटर मोकळे हवेत. गाठ मारू नका. सूत गाठीशीच तुटेल.

४५. बाटली दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावून फिरण्यापासून अडवा, पण घासू देऊ नका. टांगलेलं वजन गरगरलं की सुताचा पीळ उलगडतो आणि चांगलं सूतही लवकर तुटतं.

४६. कागदाच्या नळकांड्यातून तांदळाची बारीक धार सोडा. मूठ मूठ टाकू नका. धक्क्याने तुटलेलं सूत मोजता येत नाही.

४७. तुटायच्या आधी सूत किती लांबलं ते शेजारच्या मोजपट्टीवर बघून ठेवा. यासाठी कुणाला तरी सोबत बसवा. एकट्याने धार आणि मोजपट्टी दोन्ही सांभाळणं कठीण जातं.

४८. तुटलं की बाटली, पेन्सिल आणि आतले तांदूळ एकत्र तोला. परातीत सांडलेले दाणेही घ्या.

४९. पेन्सिलीच्या अगदी कडेला तुटलेले तुकडे बाद करा. प्रत्येक सुताचे निदान १० चांगले आकडे हवेत.

५०. तुटलेलं टोक भिंगातून बघा. टोक तुटक, छाटल्यासारखं असेल तर तंतू तुटले. लांब झुपकेदार असेल तर ते नुसते सरकले. पीळ कमी पडला. हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा.

५१. सूत १, ३ आणि ५ चे सहा-सहा तुकडे आणखी घ्या, १५ मिनिटं पाण्यात भिजवून ओलेच तोडा. कापसाचं सूत ओलं झाल्यावर जास्त पेलेल, लोकरीचं कमी. तांदूळ भिजू नयेत म्हणून सुताचं पाणी आधी टॉवेलने टिपा.

भाग ७ : उत्तर वाचा आणि वापरा

५२. प्रत्येक सुताची सरासरी आणि सगळ्यांत कमी आकडा लिहा. कमी आकडा विसरू नका. मागावर सूत सरासरीला तुटत नाही, सगळ्यांत कच्च्या जागी तुटतं.

५३. मधल्या सुतांचा अपेक्षित आकडा काढा. समजा सूत १ ने ९०० ग्रॅम पेललं आणि सूत ५ ने ४००, तर हिशेबाने सूत २ ने ७७५, सूत ३ ने ६५० आणि सूत ४ ने ५२५ पेलायला हवं.

५४. तुमचे आकडे या हिशेबाशेजारी मांडा. मधली सुतं बहुधा हिशेबापेक्षा खाली उतरतील. दचकू नका, तुम्ही काही चुकलेलं नाही. कापूस थोडा ताणला की तुटतो, लोकर तेव्हा अजून ताणलीच जात असते. दोघांचा जोर एका वेळी लागत नाही. मात्र सूत २ चा आकडा सूत ५ च्याही खाली गेला, तर मिश्रण पुंजक्यांचं राहिलंय. पायरी १९ कडे परत जा.

५५. सूत ३ च्या उरलेल्या पेळूंमधून दर सेंटीमीटरला ५ आणि ६ पिळांचं सूत प्रत्येकी ६ मीटर काता आणि तोडून बघा. टोकं झुपकेदार असतील तर पीळ वाढवल्यावर ताकद वाढेल. सूत ताठ होऊन वेटोळी घालायला लागलं की थांबा. तिथून पुढे पीळ ताकद खातो.

५६. काम बघून सूत निवडा. ताण्यासाठी सूत १ किंवा २ घ्या, त्यांना मागाचा ताण सोसायचा असतो. बाण्यासाठी सूत ३ किंवा ४ घ्या. तिथे ऊब आणि फुगीरपणा कामाला येतो. विणकामाच्या सुयांवर घालायचं असेल तर सूत ३ चे दोन पदर उलट्या पिळाने एकत्र करा. एका पदराची कच्ची जागा दुसरा सांभाळून घेतो.

५७. जाड पुठ्ठ्यावर पाचही सुतांचे २०-२० सेंटीमीटरचे तुकडे चिकटवा. प्रत्येकाखाली कापूस-लोकरीचं प्रमाण, १० मीटरचं वजन, पीळ, तुटण्याचं वजन आणि लांबलेले सेंटीमीटर लिहा. तारीख घाला.

हा पुठ्ठा चरख्याच्या पेटीतच ठेवा. पुढच्या वेळी लोकरीऐवजी रेशीम, ताग किंवा दुसरं काही मिसळायचं मनात येईल, तेव्हा पायरी ५ पासून पुन्हा सुरुवात करायची: आधी लांबी जुळवा, मग वजन करा, मग नीट मिसळा. नव्या सुताचा तुकडा याच पुठ्ठ्यावर सहावा म्हणून चिकटवा.